चौकटीचं चौथं लाकूड

दाराच्या चौकटीला लाकडं चार: दोन उभी, डोक्यावरचं आडवं आणि जमिनीलगतचा उंबरा. चौघांत झीज जास्त उंबऱ्याची आणि मानही त्याचाच मोठा. गाव किती मोठं, तर अमुक उंबऱ्यांचं, असंच सांगायची रीत.

उंबऱ्याचं मूळ काम सुतारकीतलं. बिजागऱ्या येण्याआधी कवाडाच्या कडेच्या लाकडालाच वर-खाली टोकं काढत. खालचं टोक उंबऱ्यातल्या खळग्यात फिरे. कवाडाचा सगळा भार पेलायचा, म्हणून उंबरा जाडजूड. उभ्या लाकडांना तोच फाकू देत नसे. आंबिवली, मोहने, अटाळी ही उल्हास आणि काळू नद्यांच्या शेजारची गावं. इथल्या पावसात अंगणातलं पाणी आणि विंचूकाटा बाहेर ठेवायला, आतल्या सारवणाची कड धरायला हे लाकूड हवंच.

देवळांत तोच उंबरा दगडाचा झाला. शिल्पशास्त्रात त्याचं नाव उदुंबर. मधोमध पुढे आलेला अर्धगोल मंदारक, बाजूंना कीर्तिमुखं, पुढ्यात चंद्रशिळा अशी त्याची मांडणी. कल्याणपलीकडचं अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. त्या काळच्या देवळांत शिरताना नजर खाली जाते, पाय उचलावा लागतो आणि चाल आपोआप मंदावते.

उंबरा घरातही नाही आणि बाहेरही नाही. नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारायला नेमकी हीच जागा निवडली. म्हणूनच उंबऱ्यावर बसू नये, दोन बाजूंना उभं राहून देणंघेणं करू नये, असं जुनी माणसं बजावतात. नवी सून इथेच माप लवंडून आत येते. गौरीची पावलंही इथूनच माजघराकडे काढतात.

पण जी जागा सुनेला आत घेते, तीच दुसऱ्याला बाहेर ठेवते. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. तिथलं दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये उपोषणाला बसावं लागलं. घरातल्या बाईची वेस कोणती, हे विचारणाऱ्या सिनेमाला जब्बार पटेलांनी १९८२मध्ये नाव दिलं ‘उंबरठा’.

आता आंबिवलीतही इमारतींची घरं झाली. कवाड बिजागरीवर फिरतं, फरशी सारवावी लागत नाही, पाऊस जिन्याखालीच राहतो. अशा घरांतल्या कित्येक चौकटींना तीनच बाजू असतात. मग राहायला आलेलं कुटुंब सुताराकडून सागवानी पट्टी ठोकून घेतं, नाहीतर ग्रॅनाइटची बसवतं. काहीच जमलं नाही, तर दिवाळीच्या बाजारातली लक्ष्मीच्या पावलांची पट्टी चिकटवतं. घरात गुडघे धरलेली आजी किंवा चाकाची खुर्ची असली, की पट्टी अगदी पातळ निवडतात. हळदकुंकू मात्र तिलाही रोज लागतं.