मन बिघडलं की पोट का बिघडतं?

भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने पोटात खड्डा पडतो. आपल्या भाषेला हे कधीचेच ठाऊक आहे. वैद्यकशास्त्राला मात्र ते डोळ्यांनी पाहण्याची संधी मिळाली एका अपघातामुळे.

१८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छर्रे घुसले. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक बुजले नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून अनेक वर्षे पचनक्रिया पाहिली. राग किंवा भीती आली की जठराच्या अस्तराचे रूप बदलते, असे त्यांनी १८३३ च्या पुस्तकात नोंदवले.

पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन यांनी मांजराच्या पोटातील हालचाली पाहिल्या. मांजर बिथरले की जठराची हालचाल थांबे; ते शांत झाले की पुन्हा सुरू होई. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या थॉमस आल्मी यांनी निरोगी माणसांच्या मोठ्या आतड्यात दुर्बिणीने पाहिले. मनावर ताण येताच आतडे आकुंचन पावू लागे.

तरीही 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे मनाचे खेळ आहेत' हे वाक्य रुग्णांच्या वाट्याला येतच राहिले. अखेर २०१६ च्या 'रोम' निकषांनी इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस, हा आतडे आणि मेंदू यांच्यातील संवादाचा बिघाड मानला. यात आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील होतात. म्हणून साधा गॅससुद्धा दुखतो आणि तो त्रास खरा असतो. संवाद दुहेरी असल्याने बिघडलेले पोटही मनाला अस्वस्थ करते.

त्यामुळे उपचारही दोन्ही बाजूंनी हवेत. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, रोजचे चालणे, चहा-कॉफीवर ताबा आणि गरज असल्यास समुपदेशन. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी तर १९८४ मध्येच संमोहन उपचाराने तीव्र आयबीएसच्या रुग्णांना आराम पडतो, हे दाखवले होते.

मात्र शौचावाटे रक्त, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेला त्रास असेल, तर 'टेन्शनमुळे होतंय' असे म्हणून घरी बसू नका. आधी तपासणी करून घ्या.