तिसरा पक्ष : सोलापूर जिल्हा

दोन प्रमुख पक्षांच्या किंवा आघाड्यांच्या बाहेर राहून स्वतःच्या चिन्हावर निवडणूक लढवणारा पक्ष. सोलापूर जिल्ह्यात अशा पक्षांचा इतिहास पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनचा आहे. १९५२ साली सोलापूर हा दोन सदस्यांचा लोकसभा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव होती. देशभर काँग्रेसची सरशी होत असताना या दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज लोकसभेत पोहोचले. याच निवडणुकीत फेडरेशनचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून पराभूत झाले होते. दोन सदस्यांच्या मतदारसंघांची पद्धत १९६१ साली रद्द झाली आणि तिच्याबरोबर लहान पक्षांना मिळणारी एक फटही बुजली.

त्यानंतरचा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. बाकीच्यांची मते वाया. या पद्धतीत मतदार हळूहळू दोन बलिष्ठ उमेदवारांकडे सरकतात, असे फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५०च्या दशकात मांडले. सोलापूरचा अनुभव या सिद्धांताला अर्धाच दुजोरा देतो. इथे तिसऱ्या पक्षाचे भवितव्य एकूण किती मते मिळाली यापेक्षा ती कुठे मिळाली यावर ठरलेले दिसते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण सांगोला. गणपतराव देशमुख यांनी शेकापच्या तिकिटावर १९६२ ते २०१४ या काळात या मतदारसंघातून अकरा वेळा विधानसभा निवडणूक जिंकली. राज्यात शेकाप आक्रसत रायगड आणि मोजक्या तालुक्यांपुरता उरला, तरी सांगोला टिकला. त्यामागे केवळ एका माणसाची पुण्याई नव्हती. अवर्षणग्रस्त माणदेशाचा पाणीप्रश्न, आटपाडीत भरणाऱ्या पाणी परिषदा, शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी आणि गावोगावचे कार्यकर्ते अशी ही पाळेमुळे होती. एसटीने फिरणारा आमदार ही देशमुखांची प्रतिमा त्यावर उभी राहिली. पाया एवढा पक्का असूनही निकाल नेहमी एकतर्फी लागला नाही. १९९५ साली काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. २०१९ मध्ये गणपतरावांनी निवडणूक लढवली नाही आणि त्यांचे नातू अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले. या वेळीही विजयी उमेदवार शहाजीबापूच होते, पण शिवसेनेचे. गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी निवर्तले. २०२४ मध्ये सांगोल्यात शिवसेनेचे दोन्ही गट समोरासमोर होते. २०२२ साली शिवसेनेतील फुटीच्या वेळी गुवाहाटीहून केलेल्या फोनमुळे राज्यभर पोहोचलेले शहाजीबापू शिंदे गटाकडून आणि दीपक साळुंखे ठाकरे गटाकडून उभे राहिले. दोघांनाही मागे टाकून गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. त्या विधानसभेत शेकापचा हा एकमेव आमदार. मतविभागणीचा फायदा एरवी मोठ्या पक्षांना होतो. इथे ती लहान पक्षाच्या पथ्यावर पडली, कारण त्याची गठ्ठा मते जागची हलली नाहीत.

सोलापूर शहरात हीच भूमिका मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने (माकप) बजावली. गिरण्यांचे, यंत्रमागांचे आणि विड्यांचे हे शहर. पूर्व भागात तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची दाट वस्ती. घरोघरी विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया या पक्षाच्या संघटनेचा कणा ठरल्या. नरसय्या आडम, म्हणजेच सर्वांचे ‘आडम मास्तर’, या बळावर तीनदा आमदार झाले (१९७८, १९९५ आणि २००४). आमदारकी असो वा नसो, घरांचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. कुंभारी येथे विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिच्या चाव्या २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते देण्यात आल्या. त्याच परिसरातील रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प पुढे केंद्र आणि राज्य सरकारच्या निधीतून मार्गी लागला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातील पंधरा हजार घरे लाभार्थींच्या ताब्यात दिली. लहान पक्षाची कोंडी इथे नेमकी दिसते. काम करवून घ्यायचे तर सत्ताधाऱ्यांशी बोलावे लागते आणि बोलले की स्वपक्षात संशय. २०१९ साली पायाभरणीच्या समारंभात मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांची स्तुती केल्याबद्दल माकपने आडम यांना तीन महिन्यांसाठी केंद्रीय समितीतून निलंबित केले होते.

घरे मिळाली, मते मात्र आटली. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून शहर मध्य हा नवा मतदारसंघ आला आणि काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी आडम यांना हरवून तो जिंकला. २०१४ मध्ये काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप आणि शिवसेना स्वतंत्र लढल्या. त्या गर्दीत दुसरा क्रमांक मिळवला तो शहरात नव्याने आलेल्या एमआयएमने. शिंदे ९,७६९ मतांनी निवडून आल्या. २०१९ मध्येही एमआयएम दुसऱ्या स्थानी राहिला. २०२४ मध्ये काँग्रेस आणि माकप या दोघांनीही उमेदवार दिले, एमआयएमने तर दिलाच, आणि भाजपचे देवेंद्र कोठे विजयी झाले. बालेकिल्ल्यातली जुनी मते एका नव्या तिसऱ्या पक्षाकडे गेल्याचे हे दृश्य होते. दोन तिसरे पक्ष एकाच मतदारसंघात नांदत नाहीत.

२०१९ची लोकसभा निवडणूक या विषयातील सर्वाधिक चर्चेची आहे. भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी यांना ५,२४,९८५, काँग्रेसचे माजी केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांना ३,६६,३७७ आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांना १,७०,००७ मते मिळाली. आंबेडकर त्याच वेळी अकोल्यातूनही लढत होते. पहिल्या दोघांतील अंतर १,५८,६०८ होते. वंचितची मते या अंतराहून जास्त भरल्याने ‘वंचितने शिंदेंना पाडले’ हे विधान रूढ झाले आणि ‘भाजपची बी टीम’ हा आरोपही.

आकडे नीट पाहिले तर हे विधान डळमळते. वंचितचा उमेदवार नसता तर त्याच्या दर शंभर मतदारांपैकी ९३हून अधिक जणांनी काँग्रेसला मत दिले असते आणि उरलेले घरी बसले असते, तरच शिंदे निसटते जिंकले असते. उरलेल्यांपैकी काहीजण जरी भाजपकडे वळले असते, तर एवढेही पुरले नसते. कोणत्याही पक्षाचा मतदार इतका एकजिनसी नसतो. दुसरीकडे, पावणेदोन लाखांच्या घरातील मते मिळूनही आंबेडकरांची अनामत वाचण्याजोगी नव्हती. अनामत परत मिळण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात. पहिल्या तिघांच्याच मतांची बेरीज १०,६१,३६९ होते आणि तिचा सहावा हिस्सा १,७६,८९५. अनुसूचित जातीच्या उमेदवारासाठी ही अनामत १२,५०० रुपये असते. रक्कम किरकोळ, पण प्रचारात ‘डिपॉझिट गेले’ हे दोन शब्द पुरतात. राज्यभरात वंचित-एमआयएम आघाडीला त्या वेळी सुमारे ४१ लाख मते पडली आणि एकच जागा आली. औरंगाबादची ती जागाही मित्रपक्ष एमआयएमची होती.

२०२४ मध्ये वंचितच्या उमेदवाराने सोलापुरातून अर्ज मागे घेतला. प्रणिती शिंदे यांनी भाजपचे राम सातपुते यांचा ७४,१९७ मतांनी पराभव केला. यावरून वंचितच्या मतांची किंमत काढण्याचा मोह होतो, परंतु पाच वर्षांत उमेदवार, आघाड्या आणि मराठा आरक्षणाचे आंदोलन असे बरेच काही बदलले होते.

पंढरपूरने तिसऱ्या पक्षाचा आणखी एक उपयोग दाखवला. २००९ मध्ये भारत भालके यांनी स्वाभिमानी पक्षाच्या तिकिटावर माजी उपमुख्यमंत्री विजयसिंह मोहिते-पाटील यांचा पराभव केला. पुढच्या दोन निवडणुका त्यांनी आधी काँग्रेसकडून आणि मग राष्ट्रवादीकडून जिंकल्या. लहान पक्ष म्हणजे मोठ्या पक्षाच्या दारापर्यंतची गाडी, असा हा हिशेब. त्यांचे पुत्र भगीरथ भालके जून २०२३ मध्ये तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांच्या भारत राष्ट्र समितीत गेले. राव त्यासाठी मोटारींचा मोठा ताफा घेऊन सोलापूर-पंढरपूर भागात आले होते. डिसेंबरात तेलंगणातील सत्ता गेली आणि महाराष्ट्रातील समिती विरून गेली. भालके यांनी २०२४ची विधानसभा काँग्रेसकडून लढवली. अपक्ष हाही इथला जुनाच मार्ग आहे. २०१९ मध्ये बार्शीतून राजेंद्र राऊत आणि करमाळ्यातून संजय शिंदे अपक्ष म्हणून निवडून आले. ज्याचे तालुक्यात स्वतःचे बळ आहे, त्याला चिन्हाची गरज कमी.

मते किती यापेक्षा ती कुठे, हे गणित अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत अधिक कठोर होते. तिथे ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्य आपली सर्व निर्वाचक मते राज्यात पहिल्या आलेल्या उमेदवाराला देते. १९९२ मध्ये उद्योगपती रॉस पेरो यांना देशभरात १८.९ टक्के मते मिळाली. निर्वाचक मते शून्य. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांना त्याहून कमी, साडेतेरा टक्के मते होती, पण ती दक्षिणेत एकवटलेली असल्याने पाच राज्ये आणि ४६ निर्वाचक मते हाती आली. पेरो यांची मते सोलापुरातील वंचितसारखी पसरलेली होती, तर वॉलेस यांची सांगोल्यासारखी एका भागात. अर्थात वॉलेस यांचे राजकारण वंशविभाजनाच्या समर्थनाचे होते; साम्य केवळ मतांच्या भूगोलापुरते.

‘पाडापाडी’चा आरोप अमेरिकेत सर्वाधिक टिकतो तो २००० सालच्या फ्लोरिडाबाबत. जॉर्ज बुश यांनी हे राज्य ५३७ मतांनी जिंकले. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना तिथे ९७,४८८ मते होती. नेडर यांच्या दर १८१ मतदारांपैकी निव्वळ एकजण जरी अल गोर यांच्याकडे वळला असता, तरी अध्यक्ष बदलला असता. सोलापूरचे ९३ टक्के आणि फ्लोरिडाचा अर्धा टक्का यांतील अंतर लक्षात न घेता दोन्हीकडे एकच शब्द वापरला जातो.

मतदानाआधीच्या अडथळ्यांची मालिका वेगळीच. मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कायदा आणि सह्यांची वेगळी अट असते. दूरचित्रवाणीवरील वादसभेत बसण्यासाठी जनमत चाचण्यांत १५ टक्के पाठिंबा लागतो. रॉबर्ट केनेडी कनिष्ठ यांनी २०२३ मध्ये अपक्ष म्हणून मोहीम सुरू केली, ऑगस्ट २०२४ मध्ये ती थांबवून डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला, आणि मग मिशिगन व विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकांवरून आपलेच नाव काढून घेण्यासाठी केलेली खटपट वाया गेली. कोणालाच २७० मते मिळाली नाहीत तर निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एक मत असते. ज्या पक्षाचा त्या गृहात एकही सदस्य नाही, त्याला तिथेही आशा नाही. मेन आणि अलास्काने पसंतीक्रमाची मतपद्धत स्वीकारली आहे. तिच्यात तिसऱ्या उमेदवाराला दिलेले पहिले मत वाया जात नाही. ती अपवादात्मकच राहिली आहे.

दोन्ही देशांतील मोठा फरक सत्तेच्या वाटणीत आहे. संसदीय पद्धतीत मोजके आमदारही मंत्रिमंडळात शिरू शकतात. गणपतराव देशमुख १९७८ आणि १९९९ च्या आघाडी सरकारांत मंत्री होते. अध्यक्षपद एकच आणि अविभाज्य. त्यामुळे अमेरिकेत बंडखोर नवा पक्ष काढण्याऐवजी जुन्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरतो. ट्रम्प आणि बर्नी सँडर्स यांनी २०१६ मध्ये तेच केले. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनीही मिशिगनमध्ये हीच वाट धरली. राजकारणात नवखे असताना २०१८ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले आणि तिसरे आले. पुढे त्याच पक्षातून ते राज्याच्या विधिमंडळात आणि जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये पोहोचले.