उडायचं कोणाच्या पैशावर?

वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलाचं कर्जप्रकरण टेबलावर आलं, की आमच्या शाखेत पहिला प्रश्न ठरलेला : तारण काय? तेव्हा चार लाखांपर्यंत तारण नसायचं, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्याच्यावर गेलं की ठोस तारण. शैक्षणिक कर्जाची ही चौकट इंजिनिअरिंगच्या पोराला पुरायची. कमर्शियल पायलट लायसन्सचा खर्च आज चाळीस-पन्नास लाखांच्या घरात आहे. शेतकरी बाप सातबारा घेऊन यायचा आणि मला सांगावं लागायचं, "काका, शेतजमीन चालत नाही." सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, कर्ज थकलं तर त्या कायद्यानं ती विकून वसुली करता येत नाही, म्हणून बँक तिच्याकडे बघत नाही. एनए प्लॉट, राहतं घर, एफडी असेल तर बोला. पंधरा एकर ओलिताचा धनी आमच्या लेखी कफल्लक ठरायचा.

वैमानिक घडवण्याच्या धंद्याचा इतिहास मी वाचायला घेतला तो या वैतागातून. आणि गंमत अशी, की आपल्याकडे विमान शिकणं सुरू झालं तेच मुळी सरकारी पैशाच्या टेकूवर.

कल्पना विलायतेची. तिथले नागरी विमानवाहतूक संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांच्या पुढाकारानं १९२५ साली हलक्या विमानांच्या क्लबांना सरकारी मदत सुरू झाली. त्याच वर्षी द हॅविलंड कंपनीचं मॉथ विमान आलं आणि स्वस्त विमान व अनुदान यांची जोडी जमली. तीन वर्षांत ही पद्धत हिंदुस्थानात आली. १९२८ मध्ये मुंबई, दिल्ली, कराची असे क्लब उभे राहिले. सरकारनं त्यांना मॉथ विमानं दिली, वर अनुदान दिलं. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात जे. आर. डी. टाटा शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना त्यांच्या हाती पडला.  

कर्जखात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या योजनेतली फट लगेच दिसते. मदत क्लबाला होती, शिकणाऱ्याला नव्हती. अनुदानामुळे फी उतरली हे खरं, पण उरलेली फी, जुहूपर्यंतची मोटार आणि साहेबी क्लबात वावरण्याची सवय ज्याची त्यानं आणायची. टाटांना तारण विचारायची वेळ कोणावर येणार!

बक्षिसाचंही तेच. इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर, कुठल्याही बाजूनं, एकट्यानं आणि महिन्याच्या आत कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंड जाहीर केले. १९३० साली तिघे निघाले. मनमोहन सिंग यांची मुदत हुकली. कराचीहून निघालेल्या टाटांना इजिप्तमध्ये अबूकीरला उलट दिशेनं येणारे सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर भेटले, स्पार्क प्लगपायी अडकून पडलेले. टाटांनी आपल्याकडचे प्लग दिले आणि बक्षीस अस्पींनी नेलं. पुढे ते हवाईदलप्रमुख झाले. किस्सा गोडच आहे. पण बक्षिसाचे पैसे प्रवासाच्या शेवटी मिळतात. पहिल्या तासाची फी भरायला ते कामाला येत नाहीत.

पहिल्या तासाची फी खऱ्या अर्थानं भरली ती युद्धाच्या भीतीनं. १९३८ साली ब्रिटननं सिव्हिल एअर गार्ड काढलं आणि उड्डाणाचा तास काही शिलिंगांवर आणला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत रुझवेल्टनी वर्षाला वीस हजार कॉलेज विद्यार्थ्यांना उडायला शिकवायची योजना जाहीर केली. १९४४ पर्यंत तिच्यातून सव्वाचार लाखांवर माणसं शिकली. पुढे अंतराळात गेलेले जॉन ग्लेन त्यांतलेच, आणि टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांना दारही याच योजनेनं उघडलं. आपल्याकडच्या क्लबांचं पीकही तेव्हाच कापलं गेलं. १९४० साली इंग्लंडला लढायला गेलेल्या २४ भारतीय वैमानिकांत महिंदरसिंग पुज्जी होते, ते दिल्लीच्या क्लबात शिकलेले. सरकारला वैमानिक हवे असले, की तारणाचा प्रश्न कोणी काढत नाही, हे माझं मत या सगळ्या वाचनानंतर पक्कं झालं.

स्वातंत्र्यानंतर एनसीसीची हवाई शाखा आली, १९८६ च्या सुमाराला रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी अकादमी आली. मग स्वस्त विमानकंपन्यांचा काळ आला आणि खर्चाचा सगळा भार बापाच्या खांद्यावर गेला. माझ्या टेबलावरच्या बहुतेक फायली त्या काळातल्या. गोंदियाजवळ बिरसीला, महायुद्धातल्या धावपट्टीवर शिकणारी मुलं, धुळ्याची मुलं, बारामतीची. दोनशे तास पुरे करून लायसन्स मिळालं, तरी नोकरीसाठी ठरावीक विमानाचं टाइप रेटिंग लागतं. त्याचे लाखो रुपये वेगळे, आणि ते मूळ अर्जात बहुतेकांनी धरलेलेच नसायचे. २००८ च्या मंदीत भरती थांबली. सवलतीचा काळ संपला, हप्ता सुरू झाला, आणि लायसन्सवाला मुलगा घरी. एका बापानं तारण ठेवलेला प्लॉट स्वतःच विकून खातं बंद केलं. काउंटरवर नो ड्यूज सर्टिफिकेट मागताना त्याच्या तोंडून एक वावगा शब्द निघाला नाही.

अलीकडे राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबात ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलायला घेतला. नव्वद-पंच्याण्णव वर्षांनी का होईना, अनुदान क्लबावरून मुलाकडे आलं. जागा मोजक्याच, त्यामुळे बाकीचे बँकेतच येणार. ओळखीतलं कोणी विचारायला आलं तर मी क्रम सांगतो : आधी मुलाची क्लास वन वैद्यकीय तपासणी, मग टाइप रेटिंगसकट पूर्ण खर्चाचा कागद, आणि बँकेची पायरी त्यानंतर.