वायद्याचं तेल आणि वैमानिकाची नोकरी

केडगाव म्हटलं की कुणाला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आठवतं, कुणाला नारायण महाराजांचं बेट. आम्हा बँकेतल्या माणसांना आठवतो तो ऊस, कांदा आणि गुऱ्हाळांचा धूर. या भागातल्या एका शाखेत मी काही वर्षं कर्जाचं टेबल सांभाळलं. विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर, पीककर्ज हा आमचा रोजचा धंदा. 2006 च्या उन्हाळ्यात मात्र ओळखीचे एक बागायतदार समोर बसले आणि म्हणाले, ‘साहेब, धाकट्याला पायलट करायचंय.’ खर्च बावीस लाख. तारण म्हणून चार एकर पाण्याखालची जमीन.

श्रोतेहो, मी हसलो नाही. त्या वर्षी हसण्यासारखं काही नव्हतंच. 2003 साली एअर डेक्कन सुरू झाली होती, 2005 मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट आणि गोएअर आल्या. 2006 च्या ऑगस्टमध्ये इंडिगो उडणार होती. वैमानिक अपुरे पडत होते म्हणून परदेशातून कॅप्टन आणावे लागत होते. विमान शिकायचं म्हटलं तर बारामतीचा विमानतळही काही लांब नव्हता. कर्जाच्या कागदात परतफेडीच्या शक्यतेचा रकाना होता. त्यात मी ‘उत्तम’ असं लिहिलं. मुलाचे गणिताचे मार्क पाहिले, सातबारा पाहिला, वडिलांची पत पाहिली. खनिज तेलाचा भाव पाहिला नाही. आमच्या टेबलावर तो कधी येतच नसे.

आता तेलाचा आणि नोकरीचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. आपल्या देशात विमान कंपनीच्या खर्चातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या इंधनाचा असतो. विमानाचा हप्ता ठरलेला, पगार ठरलेले, विमानतळाचं भाडं ठरलेलं. वर-खाली होतं ते तेल. आणि वैमानिकांची भरती होते ती पुढच्या वर्षी येणाऱ्या विमानांच्या हिशेबानं. तेल महागलं की नवं विमान लांबणीवर पडतं, आणि विमान लांबलं की भरती थांबते.

यावर जगातल्या कंपन्यांनी जो उपाय शोधला त्याला हेजिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला साधा जुना शब्द आहे, वायदा. समजा, एखादा खानावळवाला केडगावच्या बाजारात येतो आणि व्यापाऱ्याशी ठरवतो की दिवाळीपर्यंत मला कांदा याच भावानं द्यायचा. भाव चढला तर खानावळवाला सुखात. भाव पडला तर शेजारची खानावळ स्वस्त कांदा आणते आणि हा ठरलेला महाग कांदा चिरत बसतो. पण एक गोष्ट दोन्ही वेळा खरी असते. आपल्या थाळीचा खर्च त्याला आधी ठाऊक असतो, म्हणून आचारी ठेवायचा की काढायचा हे तो शांतपणे ठरवू शकतो. वायद्यानं स्वस्ताईची हमी मिळत नाही, मुदत मिळते. पेपरात हेजिंगवर लिहिणारे पुष्कळ जण ते जुगारासारखं रंगवतात, तेव्हा ही गोष्ट हमखास राहून जाते.

या खेळातलं सगळ्यांत गाजलेलं नाव अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीचं. 2008 च्या जुलैमध्ये तेल पिंपाला 147 डॉलरवर गेलं, तेव्हा तिच्या सत्तर टक्क्यांहून अधिक इंधनाचा भाव पिंपाला 51 डॉलरच्या आसपास बांधलेला होता. इतर बड्या कंपन्या विमानं उभी करत होत्या, शेकडो वैमानिकांना घरी बसवत होत्या. साउथवेस्टनं आपले वैमानिक राखले. पण गोष्ट इथं संपत नाही. त्याच डिसेंबरात तेल चाळीस डॉलरच्याही खाली कोसळलं. बांधलेले भाव उलटे बसू लागले, आणि जुलै ते सप्टेंबर 2008 या तिमाहीत सतरा वर्षांत प्रथमच कंपनीला तोटा दाखवावा लागला. 2009 मध्ये तिनं विमानांची वाढ थांबवली. म्हणजे वायद्यानं आतल्या माणसाची नोकरी सांभाळली, दाराबाहेर परवाना घेऊन उभ्या असलेल्या पोराला त्याचा उपयोग झाला नाही. त्यातच डिसेंबर 2007 मध्ये अमेरिकेत वैमानिकांच्या निवृत्तीचं वय साठावरून पासष्ट केलं गेलं होतं, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या जागाही रिकाम्या होईनात.

आपल्याकडे तर आतल्यालाही आडोसा नव्हता. देशात विकत घेतलेल्या विमान इंधनासाठी परदेशी बाजारात वायदा करायची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली तीच 2007 मध्ये, आणि मिळाल्यावरही बहुतेक कंपन्यांनी ती फारशी वापरली नाही. मला त्यांना सरसकट दोष देता येत नाही. वायद्याला इसार लागतो, आणि भाव पडला की आणखी रक्कम भरावी लागते. ज्यांच्या तिजोरीत पुढच्या महिन्याचा पगार नाही त्यांनी ती आणायची कुठून? शिवाय आपल्या इंधनावर राज्यांचा कर टक्केवारीत. मुंबई-पुण्यात तो 2023 पर्यंत पंचवीस टक्के होता, मग अठरा झाला. तेल चढलं की कर आपोआप चढतो, आणि या कराचा वायदा जगातल्या कुठल्याच बाजारात होत नाही.

2008 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत विमान इंधन हजार लिटरला सुमारे 71 हजार रुपये झालं. ऑक्टोबरात जेट एअरवेजनं एकोणीसशे माणसं काढायची ठरवली. आठशे जणांना घरी बसवलंही, आणि गहजब झाल्यावर परत घेतलं. वर्ष संपता संपता इंधनाचा भाव निम्म्याच्या आसपास आला. पण तोवर जगभर मंदी पसरली होती, प्रवासीच नव्हते. महागाईनं नोकऱ्या नेल्या, स्वस्ताईनं परत आणल्या नाहीत.

आमचा मुलगा नेमका याच वेळी परवाना घेऊन केडगावच्या स्टेशनवर उतरला. दोनशे तास उडाला होता. पुढे विशिष्ट जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण हवं, त्याचे पैसे पुन्हा आपलेच. असे परवानेवाले देशात हजारो झाले. 2006 मध्ये तेजी पाहून शिकायला गेलेले सगळे एकाच वेळी बाहेर पडले होते, जसा एका वर्षी भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळा तालुका कांदा लावतो तसा. इकडे हप्ते सुरू झाले. शाखेतून नोटिसा जात होत्या, त्यांवर सही माझी असे. एकदा ते बागायतदार शांतपणे म्हणाले, ‘साहेब, उत्तम तुम्हीच लिहिलं होतं.’

त्या दिवसांत मला सुप्याची फार आठवण यायची. चौफुल्यावरून मोरगावच्या रस्त्याला लागलं की लागतं तेच सुपे. तेव्हा हा मुलूख भीमथडी तालुक्यात होता. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस विलायतेला मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा खुळखुळला, त्याची धार दख्खनपर्यंत पोचली, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यावर सरकारनं सारा वाढवला. कर्ज मात्र तेजीतल्या आकड्यांनी लिहिलेलं. 12 मे 1875 ला सुप्याच्या लोकांनी सावकारांच्या दुकानांतली कर्जखतं बाहेर काढून जाळली. दंगा शिरूरपर्यंत पसरला. पुढे चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. हजारो मैलांवरच्या भावाचा घाव ज्यानं तेजीत उसनवारी केली त्याच्यावर बसतो, हे आमच्या भागाला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. आणि मी सावकाराच्या बाजूच्या खुर्चीत होतो.

त्यानंतर विमान कंपन्यांनी बरंच काही करून पाहिलं. डेल्टानं 2012 मध्ये पेनसिल्व्हेनियात चक्क तेलशुद्धीकरण कारखानाच विकत घेतला. उसाचा भरवसा नाही म्हणून स्वतःचं गुऱ्हाळ टाकावं तसं. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकनं चढे भाव लांब मुदतीसाठी बांधले आणि 2014 नंतर तेल पडलं तेव्हा हात पोळून घेतले. एकट्या 2016 मध्ये या सौद्यांत 800 कोटी हाँगकाँग डॉलरहून जास्त गेले. पुढच्या वर्षी मुख्य कार्यालयातली सहाशे माणसं कमी झाली. आणि ज्या साउथवेस्टकडे बोट दाखवून सगळे वायद्याचे धडे देत, तिनंही 2025 मध्ये हा उद्योग बंद केला.

आपल्याकडे किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट 2019 मध्ये, गो फर्स्ट 2023 मध्ये. प्रत्येकीची कारणं वेगळी, सगळं पाप तेलाच्या माथी मारणं बरोबर नाही. पण ज्या तेलाच्या घसरणीनं कॅथेला पोळलं, तिनंच आमच्याकडे दार उघडलं. आडोसा नसणाऱ्याला ऊन लागतं तसा वाराही लागतो. 2014 च्या मध्याला पिंपाला शंभरच्या वर असलेलं तेल सहा महिन्यांत पन्नासच्या खाली आलं, कंपन्यांना श्वास मिळाला, भरती पुन्हा सुरू झाली. आमच्या मुलाला नोकरी लागली ती त्यानंतर. मधली सहा वर्षं त्यानं गुऱ्हाळावर हिशेब लिहिले. परवाना चालू राहावा म्हणून तपासण्या आणि उड्डाणं करत राहिला, त्याचा खर्च वेगळा. चारातली एक एकर विकावी लागली.

कर्ज फिटलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो, तरी वडील दाखला दाखवायला घरी आले. खिशातून त्यांनी एक छोटी वही काढली. दर सोमवारी त्यात कांद्याचा भाव लिहायचा, ही त्यांची जुनी सवय. 2008 पासूनच्या पानांवर कांद्याखाली आणखी एक ओळ होती, तेलाच्या पिंपाचा डॉलरमधला भाव. मुलाला नोकरी लागल्यावरही त्यांनी ती ओळ थांबवली नव्हती.