दाराखालचा डोळा

मंडळी, आज थोडा इतिहास सांगणार आहे, पण राजेरजवाड्यांचा नाही. अमेरिकेतल्या घरांच्या गॅरेजच्या दाराचा. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे तिकडे आहेत. पुढचा दरवाजा पाहुण्यांपुरता आणि घरच्यांची ये-जा गॅरेजमधून, हे तिकडे राहून आलेल्यांनी पाहिलेच असेल. बटण दाबले की दार वर, पुन्हा दाबले की खाली. आपण त्याकडे फारसे लक्ष देत नाही. पण त्या दाराचा एकेक भाग तिथे का आला, हे पाहण्यासारखे आहे.

मोटारगाड्या आल्या तेव्हा लोक त्या घोडागाडीच्या जागेतच ठेवत. तिथे आपल्या वाड्यासारखी दोन कवाडे असत, बाहेर उघडणारी. थंडीत दारापुढे बर्फ साचला की ती उघडणे म्हणजे आधी फावडे घेऊन बर्फ उपसणे आले. 1921 साली सी. जी. जॉन्सन या गृहस्थांनी वर उचलले जाणारे दार तयार केले. आडवे भाग बिजागऱ्यांनी जोडायचे, कडेला छोटी चाके लावायची, आणि ती चाके रुळांतून वर चढून दार छताखाली आडवे व्हायचे. 1926 साली त्यांनीच ते विजेवर उघडणारे यंत्रही काढले.

आता एक गंमत सांगतो. दार उचलते ती मोटर, असे आपल्याला वाटते. खरे वजन पेलते ती स्प्रिंग! आपल्याकडच्या दुकानांच्या शटरमध्येही अशीच स्प्रिंग असते, म्हणून तर दुकानदार एका हाताने शटर वर ढकलतो. तराजूच्या एका पारड्यात दार आणि दुसऱ्यात स्प्रिंगचा ताण, असे समजा. पारडी सारखी असली की मोटरला थोडेच काम उरते. साधी स्प्रिंग साधारण दहा हजार वेळा दार उघडमीट करण्यासाठी बनवतात. दिवसाला चार वेळा धरले तर गणित सात वर्षांच्या आतबाहेर येते. म्हणून ती एक दिवस तुटणारच. मात्र ती स्वतः बदलायला जाऊ नये. तिच्यात एवढा ताण साठवलेला असतो की हत्यार निसटले तर हात मोडतो, प्रसंगी जीवही जातो. ते काम शिकलेल्या कारागिराचेच.

पण या इतिहासातले दुःखाचे पान स्प्रिंगचे नाही, मोटरचे आहे. घरोघरी विजेची दारे आली, तेव्हा खाली येणाऱ्या दाराला मध्ये काय आले आहे ते कळत नसे. मुलांना तो खेळ वाटे. बटण दाबायचे आणि दार टेकायच्या आत खालून पळत सुटायचे. 1980 च्या दशकात अशा दारांखाली सापडून अनेक लहान मुले गेली. शेवटी 1990 साली अमेरिकेच्या संसदेने कायदा केला. 1991 पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्राला, काही अडले तर दार उलटे वर नेण्याची सोय सक्तीची झाली. 1993 पासून त्यात आणखी एक राखण आली. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, दोन छोटे दिवे दिसतात ना, तोच तो डोळा. त्यांच्यामधला अदृश्य किरण तुटला की खाली येणारे दार परत फिरते. सहा इंचच का? कारण जमिनीवर पडलेले मूलही त्याला दिसले पाहिजे.

पुढचे पान 2017 चे. उत्तर कॅलिफोर्नियात मोठे वणवे पेटले, वीज गेली आणि काही जणांना गॅरेजचे दार उघडता आले नाही. त्यात जीव गेले. मोटरपासून दार सोडवणारी लाल दोरी छताजवळ लोंबत असते, पण अंधारात, धुरात, म्हातारपणी ती ओढून दार उचलणे सगळ्यांना जमत नाही. 2018 साली त्या राज्याने कायदा केला आणि 1 जुलै 2019 पासून तिथे विकल्या वा बसवल्या जाणाऱ्या यंत्रात बॅटरी असणे सक्तीचे झाले. नुसते दार बदलले, तरी ते बॅटरी नसलेल्या जुन्या यंत्राला जोडता येत नाही.

इतिहास शिकवताना आम्ही तह आणि सनावळ्या पाठ करून घेत होतो. या दाराच्याही सनावळ्या आहेत, पण प्रत्येक सालामागे कुणाचे तरी घर रडलेले आहे. नियमांच्या पुस्तकात त्या मुलांची नावे नसतात. तिथे फक्त सहा इंचांचा आकडा असतो.

म्हणून राग येतो तो एका गोष्टीचा. डोळ्यावर धूळ बसते, तो जरा सरकतो आणि दार मध्येच परत फिरते. मग कंटाळून काही लोक ते दोन्ही डोळे काढून छताजवळ एकमेकांसमोर बांधून टाकतात. दार सुरळीत चालू लागते, आणि राखण संपते! तिकडच्या लेकी-जावयांनो, मुला-सुनांनो, असे करू नका. मऊ फडक्याने काच पुसा, समोरासमोर नीट लावा. दाराखाली दोन इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा आणि बटण दाबा. फळीला टेकून दार परत वर गेले नाही, तर त्याच दिवशी माणूस बोलवा. आणि आम्ही म्हातारे राहायला आलो की चहाच्या आधी ती लाल दोरी कशी ओढायची तेवढे दाखवून ठेवा.