शुश्रूषा : ऐकावे कोणाचे?

शुश्रूषा हा शब्द आपण रुग्णाच्या सेवेसाठी वापरतो. त्याचा मूळ अर्थ थोडा निराळा आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून तो झाला. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकणारा शिष्य गुरूची सेवाही करी, तेव्हा ऐकण्यावरून आज्ञापालन आणि आज्ञापालनावरून सेवा असा या शब्दाचा प्रवास झाला. आधुनिक परिचर्येचा इतिहास चाळताना या व्युत्पत्तीची वारंवार आठवण होते. परिचारिकेने ऐकावे कोणाचे, डॉक्टरचे की अंथरुणावर पडलेल्या माणसाचे, हा या व्यवसायातला फार जुना आणि अजून न मिटलेला प्रश्न आहे.

१८५४ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांना त्यांचे येणे मुळीच रुचले नाही. नाइटिंगेलबाईंनी मग एक विलक्षण निर्णय घेतला. डॉक्टर स्वतः बोलावीत नाहीत तोवर आपल्या एकाही परिचारिकेने जखमीला हात लावायचा नाही! इंकरमनच्या लढाईनंतर जखमींची रीघ लागली आणि बोलावणे आले. हातात दिवा घेतलेली त्यांची मूर्ती आपण सर्वांनी शालेय पुस्तकांत पाहिली आहे. ही मुत्सद्देगिरी मात्र तेथे सहसा सांगितली जात नाही. रुग्णालयाचे दार उघडले खरे, पण आज्ञापालनाची किंमत देऊन.

पुढे १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे परिचारिकांसाठी जी शपथ रचली गेली, आणि जिला नाइटिंगेलबाईंचेच नाव मिळाले, तिच्यात डॉक्टरला निष्ठेने साहाय्य करण्याचे आणि हाती सोपविलेल्यांच्या कल्याणास वाहून घेण्याचे, अशी दोन्ही वचने एका दमात येतात. ही दोन वचने परस्परांच्या आड आली तर काय करावे, याविषयी शपथ मौन पाळते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये नीतिसंहिता स्वीकारली. तिने हे मौन अर्धे सोडले. डॉक्टरची आज्ञा समजून-उमजून व निष्ठेने पाळावी, पण अनैतिक कृत्यात भाग घेण्याचे नाकारावे, असे तिने सांगितले.

सांगणे सोपे होते. १९६६ साली हॉफलिंग नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एका प्रयोगाची हकीगत प्रसिद्ध केली. रात्रपाळीला एकटी असलेल्या परिचारिकेला एक अनोळखी डॉक्टर दूरध्वनीवरून सांगे की, अमुक रुग्णाला अमुक औषध २० मिलिग्रॅम द्या. डबीवर तर १० हून अधिक देऊ नये असे छापलेले होते, आणि दूरध्वनीवरून आज्ञा घेण्यास रुग्णालयाची मनाई होती. तरीही २२ पैकी २१ परिचारिका औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. (गोळी निरुपद्रवी होती आणि त्यांना वाटेतच थांबविण्यात आले.) १९७७ मध्ये असाच प्रयोग पुन्हा झाला. या वेळी औषध परिचारिकांच्या ओळखीचे होते आणि सोबतिणींशी बोलण्याची त्यांना मुभा होती. १८ पैकी दोघीच काय त्या आज्ञा पाळण्यास तयार झाल्या. या दोन आकड्यांतील अंतर मला फार बोलके वाटते. पहिल्या प्रयोगातील स्त्रिया काही कमी सद्वर्तनी नव्हत्या. त्या एकट्या होत्या.

आपल्याकडे एकटेपण हीच परिचारिकेची नित्याची अवस्था. १९४६ साली भोर समितीचा अहवाल निघाला तेव्हा अखंड हिंदुस्थानात प्रशिक्षित परिचारिका सात हजारांच्या आसपास होत्या. ऐकावे कोणाचे हे ठरविण्याआधी, इतक्या हाकांतून ऐकू तरी कोणाची येणार?

१९७३ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहते. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय संहिता बदलली आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी रुग्णाशी आहे, असे तिने निःसंदिग्ध शब्दांत मांडले. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला मुंबईच्या परळ भागातील के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि कर्नाटकातील हळदीपूरहून आलेली ही मुलगी पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. सुरक्षिततेच्या मागणीसाठी मुंबईतील परिचारिकांनी संप केला. मग त्या कामावर परतल्या आणि त्यांनी तिला सांभाळले. ऐंशीच्या दशकात तिला तेथून हलविण्याचा महापालिकेचा प्रयत्न झाला, तोही त्यांनी हाणून पाडला. ज्यांनी तिला कधी बोलताना पाहिले नव्हते अशा पुढच्या पिढ्यांनीही तिला भरविले, स्वच्छ केले, तिची कूस बदलली. इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने घेतली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा ज्यांनी घरी केली आहे, त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

पिंकी विराणी या लेखिकेने तिला या यातनेतून मुक्त करावे म्हणून न्यायालयाकडे धाव घेतली. त्यामागची कळकळही खरी होती, आणि परिचारिकांचे प्रेम हेच अरुणाचे हित, असे निःशंकपणे कोणी म्हणावे? ती स्वतः काहीच सांगू शकत नव्हती. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने विनंती नाकारली. तिचा खरा वादमित्र, म्हणजे तिच्या वतीने बोलण्याचा अधिकारी, के.ई.एम.चा सेवकवर्ग आहे. त्याचे मत पुढे बदलल्यास त्याने उच्च न्यायालयाकडे जावे, असे ठरविले. मात्र त्याच निकालाने, विशिष्ट परिस्थितीत न्यायालयाच्या संमतीने उपचार थांबविण्यास देशात प्रथमच वाट करून दिली. अरुणा शानभाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारल्या.

२०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि उपचार थांबविण्याची पद्धत घालून दिली. २०२३ मध्ये ती सुलभ केली. त्यासाठी वैद्यकीय मंडळे नेमायची असतात. त्यांत उपचार करणारा डॉक्टर असतो, त्या त्या विषयाचे तज्ज्ञ असतात. रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी असणाऱ्या परिचारिकेसाठी त्यांत जागा राखलेली नाही. निर्णय झाल्यावर नळी काढायला बहुधा तिलाच सांगितले जाते.