पंख्याच्या पाच आकड्यांची कुळकथा

पंख्याच्या रेग्युलेटरवर १ ते ५ आकडे असतात आणि ‘चारवर कर’ म्हटलं की लहान पोरालाही कळतं. हे आकडे वेगाचे, असा आपला समज. खरं तर रेग्युलेटरच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यात ते वेगाचे नव्हतेच. पंख्यापर्यंत किती व्होल्टेज पोचू द्यायचं, एवढंच ते ठरवत. नेमका वेग किती, हे मोटार, पाती आणि त्या घटकेला लाइनवर असलेलं व्होल्टेज यांच्या ओढाताणीत ठरे.

विजेचा पंखा जन्मला तो डीसीवर. १८८२च्या सुमारास अमेरिकेत शायलर व्हीलरनं दोन पात्यांचा टेबलपंखा केला. शिवणयंत्राच्या मोटारी करणाऱ्या फिलिप डीलनं त्याच दशकात मोटार छताला टांगली. कार्बनच्या ब्रशवर चालणाऱ्या या मोटारींचा वेग आवरणं सोपं होतं. विजेच्या वाटेत रोधाची तार घातली की पंखा मंदावे.

अडचण आली ती एसीबरोबर. फेरारिस आणि टेस्ला यांनी १८८८मध्ये फिरत्या चुंबकीय क्षेत्राची मोटार जगापुढे ठेवली. तिला ब्रश नाहीत, ठिणग्या नाहीत, झीज फक्त बेअरिंगची. पण ते क्षेत्र किती वेगानं फिरणार, हे पुरवठ्याची वारंवारता आणि मोटारीतले ध्रुव ठरवतात. ५० हर्ट्‌झवर १४ ध्रुवांच्या मोटारीत ते मिनिटाला सुमारे ४२८ फेरे घेतं. मोटारीचा फिरता भाग, म्हणजे रोटर, त्याच्या मागोमाग, थोडा मागे पडत फिरतो. शिवाय घरात येते ती सिंगल फेज, आणि एकट्या फेजनं क्षेत्र फिरत नाही. म्हणून दुसरं वायंडिंग घालून त्याला कंडेन्सर जोडतात. पंखा नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, तेव्हा वायरमन आधी तोच अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलून बघतो.

या मोटारीचा वेग नीट बदलायचा तर वारंवारताच बदलायला हवी. घरच्या पंख्यासाठी ते कुणालाच परवडणारं नव्हतं, आणि कंडेन्सरही ५० हर्ट्‌झचा हिशेब धरूनच निवडलेला असतो. तेव्हा डीसीच्या काळातला जुना उपाय एसीवरही चालू राहिला. बेकेलाइटचा जाडजूड डबा, आत चिनी मातीवर गुंडाळलेली रोधाची तार आणि पुढे खटखट फिरणारा नॉब. पंखा हळू चालत असला की डबा हाताला गरम लागे, कारण पंख्याला नाकारलेल्या विजेचा बराच भाग तिथे उष्णता होऊन जाई.

हा उपाय चालला याचं श्रेय पात्यांना. व्होल्टेज कमी केलं की मोटारीचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. गिरणीसारखं अवजड काम असतं तर ती बंदच पडली असती. पण पात्यांना लागणारा जोरही वेगाच्या वर्गानं कमी होतो, त्यामुळे दोन्ही उतरत उतरत कुठेतरी जुळतात आणि तिथे पंखा स्थिरावतो. पंख्याच्या इतिहासात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो हा जुळून आलेला समतोल. मात्र तो हलता आहे. संध्याकाळी गावात २३०चं व्होल्टेज १८०वर आलं की मोटारीचा जोर सुमारे ६१ टक्केच उरतो. मग नॉब पाचवर असूनही वारा लागत नाही.

पुढचं पाऊल पडलं ते अर्धवाहकांमुळे. जनरल इलेक्ट्रिकनं १९५७मध्ये थायरिस्टर आणला, आणि काही वर्षांनी त्याच कंपनीतून दोन्ही दिशांनी वीज सोडणारा ट्रायॅक आला. तो सेकंदाला शंभर वेळा वीज तोडतो आणि जोडतो. लहरीचा जेवढा भाग कापावा, तेवढा पंखा हळू. तापणारा डबा गेला, स्विचबोर्डात मावणारी छोटी चकती आली आणि तिच्या मागोमाग नवा त्रासही आला. कापलेल्या लहरींनी पंखा घुमू लागला, शेजारचा रेडिओ खरखरू लागला. त्यावर उतारा म्हणून पाच टप्प्यांचे कंडेन्सरवाले रेग्युलेटर आले. ते लहर कापत नाहीत आणि फारसे तापतही नाहीत. पण टप्पे पुन्हा व्होल्टेजचेच. एकाच रेग्युलेटरचा ‘तीन’ दोन वेगळ्या पंख्यांवर दोन वेगळे वेग देतो.

आणखी एक नुकसान कुठलाच रेग्युलेटर टाळू शकत नव्हता. रोटर क्षेत्राच्या निम्म्या वेगानं फिरत असेल, तर त्याला मिळालेली निम्मी शक्ती त्याच्याच अंगात उष्णता होऊन जाते. रेग्युलेटर कितीही काटकसरी असो, दोष मोटारीच्या स्वभावात होता.

तो सुटला मोटार बदलल्यावर. १९६२मध्ये विल्सन आणि ट्रिकी यांनी ब्रशऐवजी अर्धवाहकांनी वीज फिरवणारी डीसी मोटार मांडली. तीच आज बीएलडीसी, म्हणजे ‘ब्रशलेस डीसी’, पंख्यात आहे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या अ‍ॅटमबर्गनं अशा पंख्याला भारतात मोठा ग्राहक मिळवून दिला. नेहमीचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा ३० वॅटच्या आसपास. त्याहून मोठी गोष्ट अशी की यातल्या सर्किटला रोटर कुठे आहे हे क्षणोक्षणी कळतं, आणि तो मागे पडला तर ते जोर वाढवतं. व्होल्टेज बरंच खालीवर झालं तरी वेग ठरल्याजागी राहतो. रिमोटवरचा आकडा इथे प्रथमच खरोखर वेगाचा झाला.

एवढ्यासाठी द्यावी लागलेली किंमतही लहान नाही. जुन्या पंख्याचं वायंडिंग तालुक्याच्या गावातला कारागीरही भरून देतो. बीएलडीसीचं सर्किट गेलं तर बहुधा कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागते. सुटे भाग आणि सर्किटचे आराखडे त्या कारागिरापर्यंत पोचवणं कंपन्यांच्या हातात आहे, आणि ते त्यांनी करायला हवं.

घरी असा पंखा लावताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरमनकडून वाटेतून काढून घ्यावा. ट्रायॅकनं कापलेली लहर नव्या पंख्याच्या सर्किटला सोसत नाही.